आत्याच्या डोक्यातल्या दोघी

मन हेच सगळ्याचं मूळ आहे, असं कुणी हातात माईक घेऊन सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. आणि मन-बिन काही नसतं, सगळा मेंदूच, असं कुणी फिरत्या खुर्चीत रेलून सांगितलं तरी तेवढंच फिरतं. दोन्ही वाक्यं खरी असतील. त्यांच्या खरेपणाशी माझं भांडण नाही. ही दोन्ही वाक्यं माझ्या आत्याच्या टाळक्यात कशी हाणली गेली ते मी पाहिलंय, म्हणून फिरतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी ‘आता तुझं हितं काय’ म्हणून विचारलं, आणि ती एक ट्रंक घेऊन माहेरी परत आली. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की सापगाव ओलांडून थोडं आत आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी. आत्या लावणी-कापणीला लोकांच्या शेतावर जायची, बाकीच्या दिवसांत वीटभट्टीवर. हाडापेराने दणकट, आवाजाने त्याहून दणकट, आणि तोंडाला कुलूप नाही. खोटं बोलणाऱ्याची ती अशी काही फजिती करायची की वाडीतले पुरुष तिच्यासमोर फुशारक्या मारायला बिचकत.

चाळिशी ओलांडल्यावर ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकली. वर्ग पुढे बंद पडला, हिचं वाचणं काही बंद पडलं नाही. भजी बांधून आलेला पेपर, खताच्या पोत्यावरची माहिती, माझी डी.एड.ची पुस्तकं, भिंतीवरच्या निवडणुकीच्या घोषणा, जे दिसेल ते मोठ्याने. मनात वाचणं म्हणजे काय ते तिला कधी पटलंच नाही. “मनात वाचलं तर आयकायचं कुनी?” म्हणायची. घरात आमचं डोकं उठायचं.

आमच्याकडे पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास असतो. आषाढातल्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात मेणबत्ती-अगरबत्ती लावतात, वंदना होते आणि मग एक जण ग्रंथ वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचायला एक निवृत्त गुरुजी असत. ते वाचत आणि वाडी पेंगत असे. एका संध्याकाळी गुरुजी तापाने पडले, दुसरं कुणी पुढे होईना, तर आत्या हात पुसत उठली आणि पाटावर जाऊन बसली. त्या दिवसापासून तो पाट तिचा झाला. ती नुसतं वाचत नसे, मध्ये थांबून आपल्या बोलीत सांगत असे. “राजाचा पोर घर सोडून गेला. बराबर गेला. पन त्याच्या बायकोनं सकाळी उठून काय केलं आसंल, ते हितं लिवलेलं नाय. तुमी बायांनो, तुमी धरून चाला.” बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मग एकदम गप्प व्हायच्या.

तिच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हतं, नवरा-मूल नव्हतं. तो पाट होता. वर्षातले नऊ महिने ती कुणाची तरी बहीण, कुणाची तरी आत्या, नाहीतर ‘ती परत आलेली’. तीन महिने मात्र ती वाचणारी बाई होती. ज्यांना हे क्षुल्लक वाटतं त्यांनी आपल्या बुडाखालची खुर्ची सोडून बघावी.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला, मी नुकतीच मुरबाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि मुरबाडला खोली घेऊन राहत होते, तेव्हा आत्याला आवाज ऐकू यायला लागले.

आधी तिला वाटलं, शेजारचे भिंतीपलीकडून बोलतात. मग कळलं की भिंत नसली तरी बोलतात. दोन बायका. “एक म्हातारी हाय, एक तरनी,” तिने मला नंतर सांगितलं. “म्हातारी बोलते, तरनी हसते. मी भाकर थापाला बसले का म्हनते, बघ आता ही भाकर थापील. मी पदर सारला का म्हनते, बघ पदर सारला. दिसभर माज्या पाठीवर बसल्यात गो बाय.” तिने महिनाभर कुणाला सांगितलं नाही. सोसलं. आणि मग एका सकाळी हातपंपावर, सगळ्या गावाच्या बायका रांगेला असताना, तिने भरलेला हंडा दाणकन खाली ठेवला आणि रिकाम्या हवेकडे तोंड करून ओरडली, “गप बसा गो दोघी! माजी पाठ सोडा!”

पंपावर वरच्या आळीच्या शेतकऱ्यांच्या बायकाही होत्या. त्यातल्या एकीने खरोखर कळवळून तिला हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाली, “हिला लागीर झालाय. मुरबाडच्या अंगाला एक भगत हाय, तो उतरवतो, घेऊन जावा.” दुसरी मागून म्हणाली, “देव सोडले ना यांनी! देव बरा सोडील?” आत्याचा हंडा घरी पोचायच्या आधी ते वाक्य आमच्या वाडीत पोचलं.

त्या एका वाक्याचं ओझं काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या आजोबांच्या पिढीने देव्हाऱ्यातले देव उचलून नदीत सोडले. तेव्हापासून वरची आळी डोळ्यांत तेल घालून बसलेली, यांचं वाईट कधी होतंय ते बघायला. कुणाचं गुरू मेलं, कुणाचं पोर तापलं, की ठरलेलं: देव सोडले ना! त्याला पुरून उरायचं तर आमच्यात कुणाला काही व्हायलाच नको होतं. आजारी पडायचं तर साध्यासुध्या, कुणाला दाखवता येईल अशा रोगाने पडायचं. ही भीती मला कळते, मी त्याच भीतीत वाढलेय. पण म्हणून त्या भीतीचा भारा एका आजारी बाईच्या डोक्यावर द्यायचा?

विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष होते ते बँकेत अधिकारी होते, आसनगावहून रोज मुंबईला जात. नात्याने माझे चुलते लागत, पण त्यांना सगळे साहेबच म्हणत, घरात बायकोसुद्धा. वाईट माणूस नव्हता. वाडीतल्या कितीतरी पोरांच्या फिया त्यांनी भरल्या, माझ्या डी.एड.च्या प्रवेशाला तेच धावले. पण शिकलेल्या माणसाला एक खोड असते, आपल्याला एक गोष्ट कळली म्हणजे सगळ्याच कळल्या असं त्याला वाटतं. पंपावरची गोष्ट कानावर गेली त्याच आठवड्यात त्यांनी बैठक घेतली. म्हणाले, “आपण आत्मा मानत नाही. भूत मानत नाही. मग ही बाई आवाज कुणाचे ऐकते? याचा अर्थ एकच. जुने संस्कार हिच्या मनात शिल्लक आहेत. प्रतिज्ञा तोंडाने घेतल्या, मनाने घेतल्या नाहीत.”

वा रे तर्क! म्हणजे आवाज येणं हा रोग नाही, गुन्हा. बाई आजारी नाही, फितूर आहे. आणि त्यावर उपाय काय काढला, तर आत्याने पांढरं लुगडं नेसून सगळ्यांसमोर पुन्हा दीक्षा घ्यायची, सगळ्या प्रतिज्ञा पहिल्यापासून म्हणायच्या. माझे वडील मवाळ माणूस, “समाजात राहायचंय” हे त्यांचं पालुपद. त्यांनी लुगडं आणलं.

शनिवारी मी घरी आले तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं. भगताने कोंबडं मागितलं असतं, यांनी लुगडं मागितलं. सांगा मला, फरक काय? उलट भगताने निदान ‘तुझा दोष नाही, बाहेरचं आहे’ असं तरी म्हटलं असतं. इथे सगळा दोष तिचाच. आत्या मात्र मला हे सांगताना हसली. ती सगळ्या प्रतिज्ञा खड्या आवाजात, एक अक्षर न चुकता म्हणाली. झाल्यावर साहेबांनी विचारलं, “आता? आता येतो का आवाज?” आत्याने प्रामाणिकपणे कान दिला आणि म्हणाली, “म्हातारी म्हनते, लुगडं बरं दिसतंय.”

साहेबांचा चेहरा पडला. पाटावरून आत्याला उठवण्यात आलं. ‘सध्या विश्रांती घ्या’ असं गोड शब्दांत. गुरुजींना परत बसवलं, वाडी परत पेंगायला लागली.

मी वडिलांना म्हटलं, बास झालं, डॉक्टर. आम्ही तिला कल्याणला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. टेबलावर मेंदूचा प्लॅस्टिकचा नमुना, त्याच्या निळ्या-गुलाबी फोडी सुट्या होणाऱ्या. आत्याला तो फार आवडला, ती वाकून वाकून बघत होती. डॉक्टर माझ्याशी बोलले, वडिलांशी बोलले, तिच्याशी नाही. आत्या म्हणाली, “डाक्टर, ती म्हातारी काय म्हनते सांगू का?” ते म्हणाले, “ते महत्त्वाचं नाही.” मग मला म्हणाले, “मन वगैरे असं काही नसतं, बाई. मेंदूतल्या रसायनांचा घोळ आहे. गोळी देतो. चुकवू नका.”

गोळीला मी नावं ठेवणार नाही. काही आठवड्यांत दोघी गेल्या. आत्या सलग झोपली, जेवली, पंपावर गेली आणि नुसतं पाणी भरून आली. त्यासाठी मी त्या डॉक्टरच्या पाया पडायला तयार होते. पण गोळीबरोबर आणखी काहीतरी गेलं. तिचे हात थरथरायला लागले, चेहरा लाकडासारखा झाला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची आणि तिला ती कळायची नाही. आणि जीभ. “जिबेची गोधडी झाली हाय,” ती म्हणाली, आणि तेवढं म्हणायला तिला किती वेळ लागला! घरी माझं पुस्तक उघडून बसायची, एक ओळ कशीबशी ओढायची, पुस्तक मिटायची. परत डॉक्टरकडे गेलो. मी म्हटलं, “जीभ जड झालीय, वाचता येत नाही.” ते म्हणाले, “आवाज गेले ना? मग? या वयात वाचून कुठे परीक्षेला बसायचंय?”

मी तेव्हा काही बोलले नाही, कारण दाराबाहेर रांग होती आणि आमच्यासारख्यांना दुसरा डॉक्टर कुठे शोधायचा ते माहीत नव्हतं. पण ते वाक्य अजून मला घासात आडवं येतं. दोघींबरोबर तिचा आवाजही गेला, आणि तो गेला हे या माणसाच्या खिजगणतीतच नव्हतं. विहारात साहेब म्हणाले, “आता तर त्यांचं बोलणंच कळत नाही, वाचणार काय?” म्हणजे आधी फार ऐकू येतं म्हणून उठवलं, आता बोलता येत नाही म्हणून.

अशी दोनेक वर्षं गेली. मग साहेब दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला जाऊन आले.

माणूस दहा दिवस गप्प बसला की पुढे वर्षभर बोलतो, हे मी तेव्हा पाहिलं. श्वास, संवेदना, मनाचे थर, याशिवाय दुसरा विषय नाही. कुठल्याशा मासिकातला फोटो ते सगळ्यांना दाखवत फिरायचे, ध्यानाला बसलेल्या भिक्खूच्या डोक्याला वायरी लावलेल्या आणि शेजारी पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ. “बघा, विज्ञानानेच मान्य केलं! बुद्धाने सांगितलं तेच आता मेंदूवाले सांगतायत.” मला त्याचाही राग नव्हता. खरंच अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण ते आमच्या ओटीवर आले आणि आत्याला म्हणाले, “ताई, गोळ्यांनी मन झोपतं. झोपलेलं मन शुद्ध कसं होणार? गोळ्या सोडा. रोज डोळे मिटून बसा, श्वास बघा, आवाज आला तर तोही नुसता बघा.”

आत्याने, ‘मला’ला ‘मना’ म्हणणाऱ्या आपल्या बोलीत, एकच विचारलं. “मंग मना वाचाला येईल?”

“का नाही येणार?” साहेब म्हणाले.

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढे मी चौकशी केली तेव्हा कळलं की शिबिरवाल्यांनी असलं काहीही सांगितलेलं नव्हतं. तिथे तर मनाचा आजार असलेल्या माणसाला आधी विचारून घेतात, औषध परस्पर बंद करू देत नाहीत. ही अक्कल साहेबांची स्वतःची. वडिलांना वाटलं, साहेब शिकलेले. मला कुणी कळवलं नाही. आत्याने गोळ्या बंद केल्या आणि रोज पहाटे भिंतीशी डोळे मिटून बसायला लागली. जीभ सुटली, हात थांबले, चार दिवस घरात आनंदीआनंद. आणि मग त्या शांततेत, डोळे मिटलेले असताना, दोघी परत आल्या. “दार सताड उघडं टाकून बसल्यावानी झालं गो,” ती म्हणाली. “आयत्या शिरल्या.”

भाताला लोंब्या धरल्या होत्या तेव्हाची गोष्ट. दुपारी मी तिसरीच्या वर्गावर होते. पोरं एकदम खिडकीकडे बघायला लागली म्हणून वळले, तर व्हरांड्यात आत्या. अनवाणी, पाय फुटलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. आमच्या गावापासून मुरबाडच्या बाजूला माझ्या शाळेपर्यंतचा सगळा रस्ता ती चालत आली होती, पहाटेपासून. मी धावले. तिने आधी माझा चेहरा चाचपला, मग दंड, मग हात. आणि मटकन खाली बसली.

“त्या म्हनत व्हत्या, तू मेलीस,” ती म्हणाली. “म्हातारी म्हने, जाळली पन. तरनी हसत व्हती. मी म्हटलं, थांबा, मी बघून येते.”

बघून येते! हे लक्षात घ्या. डोक्यात दोन बाया चोवीस तास बोंबलतायत, आपलं लाडकं माणूस मेलं म्हणून सांगतायत, आणि ही बाई म्हणते मी माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही. कुणी सांगतं म्हणून मानू नका, स्वतः तपासा आणि मग माना, ही बुद्धाची शिकवण आम्ही दरवर्षी विहारात ऐकतो. आमच्या अख्ख्या वाडीत ती पाळणारी एकच निघाली, आणि तिलाच आम्ही अशुद्ध मनाची म्हणून पाटावरून उठवलं. मी तिचे पाय शाळेच्या बादलीतल्या पाण्याने धुतले. 

रविवारी मी साहेबांच्या घरी गेले. ओटीवरच उभी राहिले, चहा नको म्हणाले. सगळं सांगितलं. ते ऐकून काय म्हणावं माणसाने? म्हणाले, “त्यांनी साधना नीट केली नसणार.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, “म्हणजे गुण आला असता तर तुमच्या सांगण्याचा, आणि नाही आला तर दोष तिचा? काका, तुम्ही बीपीची गोळी घेता ना रोज?”

“ती वेगळी.”

“वेगळी कशी? बसा ना डोळे मिटून. रक्त शुद्ध करा. सोडून दाखवा महिनाभर!”

“तू मर्यादा सोडून बोलतेस,” ते म्हणाले. सोडलीच होती. म्हटलं, “बुद्धालाही वैद्य होता. घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला बुद्धाने स्वतःच्या हाताने धुतलं. हे माझ्या आत्यानेच आपल्याला वाचून दाखवलंय, तुम्ही समोर बसला होतात. तेव्हा त्या भिक्खूला कुणी विचारलं नाही, की बाबा, तू साधना नीट केली होतीस का?” आतल्या दारात काकू उभ्या होत्या. मी निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या आणि माझ्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. “वन्संना दे,” म्हणाल्या.

त्यानंतर शाळेतल्या एका सहकारी बाईंनी दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता दिला. त्याही कल्याणलाच, पण बाई होत्या, आणि त्यांनी पहिली खुर्ची आत्याला ओढून दिली. आम्हाला म्हणाल्या, तुम्ही जरा गप्प बसा. मग आत्याला विचारलं, “काय काय बोलतात त्या?” आत्या अर्धा तास बोलली. सगळं ऐकून घेऊन डॉक्टरबाईंनी विचारलं, “आणि तुम्हाला काय हवंय?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही, कमिटीने नाही, प्लॅस्टिकचा मेंदू ठेवणाऱ्याने नाही. आत्या म्हणाली, “मना वाचायचंय. मोठ्यानं.”

डॉक्टरबाईंनी तिला तिच्या भाषेत सांगितलं. आपण सगळेच मनातल्या मनात बोलत असतो. तेव्हा आपला मेंदू आपल्यालाच खूण देतो, की हे माझंच आहे. ती खूण कधी कधी पोचत नाही, मग आपलंच बोलणं परक्याचं वाटायला लागतं. असं का होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. आत्या म्हणाली, “म्हंजे आपलीच गाय, पन अंधारात वळखली नाय, म्हनून काठी घेऊन मागं लागायचं.” डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, बरोबर. मग व्यवहार सांगितला. औषध बदलता येईल, कमी ठेवता येईल, जीभ बरीचशी मोकळी होईल. पण दोघी पुरत्या जातीलच असं नाही. अधूनमधून येतील.

“येऊ देत,” आत्या म्हणाली. “तेवढं मी बघते. माजी जीब मना द्या.”

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं, रागानेच वाचलं म्हणा ना. आणि माझी खात्री झाली की धम्माचा आणि मेंदूच्या शास्त्राचा आत्याशी काही झगडा नव्हता. बुद्ध म्हणतो, ‘मी’ म्हणून आत कुणी कायमचा मालक बसलेला नाही. विचार येतात, जातात. मेंदूवालेही म्हणतात, आम्ही सगळीकडे शोधलं, मालकाची गादी काही सापडली नाही. म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात कुणी ना कुणी बोलत असतं. साहेबांच्या डोक्यातसुद्धा कुणी साहेब बसलेला नाही. इतकी नम्र करणारी गोष्ट, आणि या लोकांनी तिची काठी केली. एकाने मन म्हणून हाणली, एकाने मेंदू म्हणून. माणसाकडे बघायला दोघांनाही फुरसत नाही.

नवीन औषध बसायला वर्षभर लागलं. मात्रा वर-खाली झाली, एकदा परत बिघडलं, परत सावरलं. दोन हजार साल उलटून गेलं होतं. आत्याचं बोलणं पूर्वीच्या धबधब्यासारखं नव्हतं, पण स्वच्छ होतं. वर्षावासाच्या आधीच्या बैठकीला मी तिला घेऊन गेले. मी भाषण तयार करून गेले होते, चांगलं झणझणीत. म्हटलं, आत्या यंदा वाचेल. कुजबुज झाली. कुणी म्हणालं, परत काही झालं तर? बाहेरचे पाहुणे येतात. वरच्या आळीला आयतं कोलीत. साहेब तोवर निवृत्त झाले होते, पण अध्यक्ष तेच. त्यांनी घसा खाकरला. “आमचा विरोध नाही,” म्हणाले. “फक्त नियमाप्रमाणे, त्यांचं मन ठीक आहे असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. मग प्रश्न नाही.”

मी उठायला लागले. आत्याने माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि जागेवरूनच म्हणाली, “आनते की. पन पयलं सायबांनी त्यांचं आनावं. मंग गुरुजींनी. मंग कमिटीनं. समद्यांचं आलं का मी माजं आनते.”

 बायकांच्या बाजूने कुणीतरी फिस्सकन हसलं. बघते तर काकू. साहेबांच्या सख्ख्या बायकोने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता आणि त्यांचे खांदे गदगदत होते. मग सगळ्याच बाया. शेवटी पुरुषही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि “बरं, पुढचा विषय,” म्हणाले. माझं भाषण तोंडातच राहिलं.

आषाढातली ती पौर्णिमा. विहार खच्चून भरलेला, कारण बातमी फुटली होती. वंदना झाली. आत्या पाटावर बसली, चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. सावकाश वाचत होती. कुठे कुठे शब्द अडखळत होता, ती परत मागे जाऊन तो नीट उच्चारून पुढे येत होती. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर ती थांबली. मान थोडी कलती झाली. मला ती मान माहीत होती. 

“वाईच थांबा,” आत्या लोकांना म्हणाली, अगदी साध्या आवाजात. “त्या बोलतायत. त्यांचं होऊ द्या.”

साहेब पुढच्या रांगेत होते. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि पलीकडून काकूंनी नुसता हात वर केला. त्यांनी तोंड मिटलं. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “होऊ दे गो त्यांचं. आमाला कुटं जायचंय?” आणि अख्खी वाडी थांबली. कुणी खोकलं नाही, कुणी उठलं नाही. बाया, पुरुष, मांडीवरची पोरं, सगळे आत्याच्या डोक्यातल्या दोघींचं बोलणं संपायची वाट बघत बसले.

मी मागे भिंतीला टेकून बसले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, इतका की डोळ्यांना धार लागली. एवढंच? पहिल्या दिवशी पंपावर, त्या बैठकीत, त्या दवाखान्यात एवढंच करायचं होतं? थोडं थांबायचं होतं फक्त. त्याला ना ध्यान लागत होतं, ना डिग्री. आणि ते जमायला यांनी माझ्या आत्याची इतकी वर्षं घेतली.

आत्याचं बोट ओळीखालीच होतं. थोड्या वेळाने तिने मान सरळ केली. “गेल्या,” म्हणाली, आणि त्याच शब्दापासून पुढे वाचायला लागली.